जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल युनिकोडमध्ये आणताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊ देऊ नका

कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख. यांपैकी एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'सगळं सिलेक्ट करा आणि मंगल हा युनिकोड फॉन्ट द्या'. तो साफ चुकीचा आहे. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. कृतिदेवमधला 'क' फाइलच्या लेखी इंग्रजी छोटा 'डी' असतो आणि अर्धा 'क्' म्हणजे मोठा 'डी'. फॉन्ट त्याला फक्त देवनागरी रूप देतो. त्यामुळे फॉन्ट नव्हे, अक्षरंच बदलावी लागतात, म्हणजे युनिकोडमध्ये आणावी लागतात; त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो.

मूळ फाइलची प्रत काढा आणि तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथे तिची पीडीएफ करून ठेवा. पुढे शंका आली की ताडून पाहायला तीच उपयोगी पडते. जुन्या फाइलमध्ये काही टाइप करायचं असेल तर आधी ऑटोकरेक्ट बंद करा. नाहीतर वाक्याच्या सुरुवातीचं छोटं अक्षर ते आपोआप मोठं करतं आणि 'क'चा 'क्' होतो.

हा बदल करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कन्व्हर्टर. तो निवडताना फॉन्टचं नेमकं नाव बघा. फॉन्ट संगणकावर नसला तरी वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं. प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असते. एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही.

फाइलमध्ये खरोखरचं इंग्रजी असेल, म्हणजे नावं, ईमेल, संक्षेप वगैरे, तर अख्खा मजकूर उचलून कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. त्याला ते इंग्रजी ओळखता येत नाही, त्याचीही तो देवनागरी करतो. वर्डच्या फाइंडमध्ये शोधायची चौकट रिकामी ठेवा, फॉरमॅटमधून जुना फॉन्ट निवडा आणि मुख्य मजकुरात शोधायला सांगा. फक्त त्या फॉन्टमधला मजकूर निवडला जातो. तळटीपा आणि टेक्स्टबॉक्स यात येत नाहीत, ते वेगळे करा. इंग्रजी तुकडे जागोजागी विखुरलेले असतील तर परिच्छेदागणिक काम करा. वेळ लागतो, पण नंतरच्या दुरुस्तीपेक्षा कमीच.

मग कन्व्हर्ट करा.

आता खरी कसोटी, ती म्हणजे 'र'. मला सर्वांत जास्त झगडायला लावलं ते यानेच, आणि यावर कोणी नीट बोलत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप होतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. म्हणून 'आर्थिक', 'वार्षिक' असे रफार आणि पहिली वेलांटी एकाच जागी असलेले शब्द आधी तपासा. ते बिघडले असतील तर तो कन्व्हर्टर सोडून द्या, हाताने दुरुस्त करत बसू नका.

ते नीट आले तरी सुटलात असं समजू नका. बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात आणि हिंदीला 'दुसऱ्या'मधला अर्धा र लागत नाही. मग 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना', 'तऱ्हा'चं 'तर्हा' होतं. अशी मराठी वाचवत नाही. काही जण सांगतात की सगळीकडे 'र्य'च्या जागी 'ऱ्य' टाका. कृपा करून हे करू नका! 'कार्य', 'सूर्य', 'पर्याय', 'आचार्य' सगळे बिघडतील. 'र्ह'चंही तेच, कारण 'अर्हता' आणि 'गार्हस्थ्य' यांत रफारच बरोबर आहे. बदलायचे ते तुकडे: 'णार्या'चं 'णाऱ्या', 'कर्यां'चं 'कऱ्यां', 'दुसर्या'चं 'दुसऱ्या'. 'रिप्लेस ऑल' फक्त अशा तुकड्यांना चालतं, बाकीचे एकेक बघून बदला.

याहून चांगला उपाय कन्व्हर्ट करण्याआधीचा आहे. जुन्या फाइलमध्ये हा र वेगळ्या चिन्हाने टाइप केलेला असेल, तर ते चिन्ह कॉपी करून शोधा आणि त्याच्या जागी थेट युनिकोडमधलं 'ऱ्' टाका. कन्व्हर्टर बहुधा त्याला हात लावत नाही. तरी आधी एका ओळीवर करून बघा.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ'ला हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाने दुसरा सापडेलच असं नाही. स्वतः 'दुसऱ्या' टाइप करून शोधा. समोर दिसणारा शब्द सापडला नाही तर फाइलमध्ये दुसरा प्रकार आहे. माझ्या मते 'ऱ'चाच प्रकार सगळीकडे ठेवावा.

शेवटी आकड्यांचे तक्ते पीडीएफशी ताडून घ्या. नंतर निर्मला यूआय किंवा नोटो सेरिफ देवनागरी असा युनिकोड फॉन्ट द्या. अक्षरांचा आकार बदलत नसेल तर फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'साठी वेगळा फॉन्ट आणि आकार असतो, तो बदला. लिबरऑफिसमध्येही अशी वेगळी सोय आहे. फाइल डॉकएक्स म्हणून नव्या नावाने सेव्ह करा आणि जुनी फाइल तिच्या फॉन्टसकट जपून ठेवा.