जांभ्याच्या माणसाने कोह केरला जायचं तर

राजापूर तालुक्यात आमची जांभ्या दगडाची चिरेखाण आहे. वडिलांच्या वेळी टिकाव-पहारीने चिरा निघायचा, आता मशीन आहे. कंबोडियाहून आलो तेव्हा गावात जो भेटला त्याने विचारलं, "अंगकोर वाट बघितलंत ना?" बघितलं की. मोठंच आहे. पण मी सांगत सुटतो ते दुसऱ्याच दोन जागांचं, कोह केर आणि बेंग मेलिया या रानातल्या जुन्या देवळांचं. आता चारपाच जण खरंच निघालेत आणि रोज एक फोन येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

दोन्ही जागा सिएम रीप शहरापासून एका दिवसात होतात. कोह केर साधारण १२० किलोमीटर, ईशान्येला. तिथून बेंग मेलिया तासाभरावर, आणि तिथून सिएम रीप दीड तासावर. रस्ता चांगला आहे. आमच्या हायवेची सवय असलेल्या माणसाला तर फारच चांगला वाटेल.

आधी घरून निघायचं बघू. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, फी तीस डॉलरच्या आसपास, पण सरकारी साइटवरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या साइट दुप्पट पैसे घेतात. विमानाने उतरणाऱ्याला आगमनाचा फॉर्मही ऑनलाइन भरावा लागतो. मुंबईहून जाताना मध्ये बँकॉक, सिंगापूर असं कुठेतरी बदलावं लागतं. रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून सकाळी दादरला उतरू आणि दुपारचं विमान गाठू, असला हिशेब कोणी करू नये. गाडी लेट झाली तर विमान काही आपल्यासाठी थांबत नाही. एक रात्र मुंबईत पाहुण्यांकडे काढा, तेवढीच भेट होते.

बँकॉकला उतरून बसने कंबोडियात जायचं डोक्यात असेल तर काढून टाका. २०२५ च्या जुलैत दोन्ही देशांच्या सीमेवर गोळीबार झाला आणि जमिनीवरचे नाके बंद पडले. प्रेआह विहेअर नावाचं डोंगरावरचं शिवमंदिर त्याच सीमेवर आहे. त्याचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन १९६२ मध्ये निकाल कंबोडियाच्या बाजूने लागला, तरी धग गेलेली नाही. गाइड "तेही दाखवतो" म्हणाला तर नको म्हणा. निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचनाही वाचून घ्या.

सिएम रीपचं नवं विमानतळ २०२३ मध्ये सुरू झालं, ते शहरापासून चांगलं लांब आहे. रात्री उतरणार असाल तर हॉटेलला गाडी पाठवायला सांगा.

आता मुख्य गोष्ट, गाडी आणि गाइड. इथे मी पहिल्यांदा फसलो. हॉटेलच्या काउंटरवर "गाइडेड टूर" म्हणून पंचावन्न डॉलर भरले. सकाळी आला तो नुसता ड्रायव्हर. पोरगा हसरा, पण त्याला इंग्रजी "यस" आणि "नो प्रॉब्लेम" एवढंच. आधी रेशमाच्या दुकानात नेलं, मग ताडगुळाच्या. बेंग मेलियाला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते, ऊन डोक्यावर, बसभर माणसं पुढे. कोह केर राहिलंच. आमची ही म्हणाली, "पंचावन्न डॉलरला गूळ घेतलात."

तेव्हा बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा. पहिली, परवानाधारक गाइड वेगळा येणार की ड्रायव्हरच सगळं करणार? तिथे गाइडला सरकारी परवाना आणि बिल्ला लागतो, ड्रायव्हरला देवळात शिरून माहिती सांगायची मुभा नसते. दुसरी, आधी कुठे नेणार? उत्तर "बेंग मेलिया" आलं तर उलटं करायला सांगा. सगळे टूरवाले जवळचं आधी करतात, त्यामुळे तिथे सकाळी गर्दी असते. पहाटे साडेपाचला निघून थेट कोह केरला गेलात तर आठच्या सुमारास पोचता, आणि अख्ख्या आवारात तुम्ही, गाइड आणि कोंबड्या. दुसऱ्या वेळी मी गाडीचे नव्वद आणि गाइडचे पन्नास डॉलर दिले. चौघांत वाटले तर जड जात नाही.

तिकिटांचा घोळ समजून घ्या. बेंग मेलिया अंगकोरच्या पासात येतं, कोह केरचं तिकीट निराळं. मी पंधरा डॉलर दिले. अंगकोरचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी चालतो, तोच घ्या आणि त्यातला एक दिवस बेंग मेलियाला वापरा. पास देवळाच्या दारात मिळत नाही, तो आदल्या दिवशीच काढून ठेवायचा.

डॉलरच्या नोटा मुंबईतूनच बघून घ्या. फाटकी, शाईचा डाग पडलेली, घडीवर चिरलेली नोट तिथे कोणी घेत नाही. माझी वीसची एक नोट तीन ठिकाणी परत आली. सुटे एक-एकचे डॉलर जवळ ठेवा. शंभराची नोट शहाळेवालीपुढे धरू नका, ती हसते आणि हात जोडते. सुट्टे परत येतात ते रिएल या तिथल्या चलनात, एका डॉलरला चार हजारांच्या आसपास.

दिवस कुठले? डिसेंबर-जानेवारी. एप्रिल म्हणजे भट्टी. पाऊस त्यांचाही जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे आपलाच. पावसात हिरवं छान दिसतं, पण शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला की काय होतं ते पाखाडीवर वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

आणि आता जे सांगतो ते मनावर घ्या. वाट सोडायची नाही. लघवीलासुद्धा नाही. यादवीच्या वर्षांत त्या रानात सुरुंग पेरले गेले. देवळांच्या आसपासची जागा साफ केलेली आहे, लांबच्या रानाची खात्री कोणी देत नाही. लाल पाटीवर कवटी दिसली तर समजून जा. आपल्याला सवय असते, झाड दिसलं की आड गेलो. माझा मेव्हणा असाच दोन पावलं गेला आणि गाइडने त्याला दंडाला धरून मागे ओढला. त्यानंतर दिवसभर तो गाइडच्या पावलावर पाऊल टाकून चालत होता. सिएम रीपमध्ये सुरुंग हुंगून काढणाऱ्या उंदरांचं एक केंद्र आहे, थोरल्या आफ्रिकी उंदरांचं. वेळ मोकळा असेल तर बघून या. आपण उंदराला पिंजरा लावतो, तिथे त्याच्या जिवावर शेतं पुन्हा पिकतात.

कोह केर. ९२८ ते ९४४ एवढी सोळाच वर्षं ही ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या, राज्याची राजधानी होती. राजा चौथा जयवर्मन अंगकोर सोडून इथे आला. शिलालेखांत गावाचं नाव लिंगपूर किंवा चोक गार्ग्यार. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. गाइड हे सगळं सांगतोच, पण त्याला आधी आवाराच्या भिंतीपाशी थांबायला सांगा.

मी भिंत बघितली आणि हात लावला. जांभा! आपलाच. तीच भोकं, तोच तांबूस-काळा रंग, कडेला तसाच पिवळसर मातीचा डाग. मेव्हणा म्हणाला, "हा आपल्या खाणीतला का रे?" आपला चिरा दोन हातांत उचलतो, हे ठोकळे दोघातिघांनाही हलायचे नाहीत. मी वीत टाकून मोजायला लागलो तर गाइड थांबला. त्याला विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात? "बाय क्रिएम." बाय म्हणजे शिजलेला भात, क्रिएम म्हणजे करपून वाळलेला. टोपाच्या बुडाला लागलेली खरपुडी आठवा आणि मग चिऱ्याकडे बघा. इतकी वर्षं खाणीवर आहे, मला हे कधी सुचलं नव्हतं.

जमिनीतून काढताना मऊ, वारा-ऊन लागलं की टणक, हा गुण तिथल्या गवंड्यांनाही ठाऊक होता. पाया, कुंपण, पूल असलं राबायचं काम जांभ्याला, आणि नक्षी वालुकाश्माला, कारण भोकाभोकांच्या दगडात देवाचं नाक कोरता येत नाही. आपल्या गावच्या देवळातही जोतं चिऱ्याचं आणि मूर्ती काळ्या दगडाची असते, ते उगाच नाही.

आत गेल्यावर प्रासात थोम, म्हणजे मोठं देऊळ, आणि त्याच्या मागे सात टप्प्यांचा पिरॅमिड. उंची सुमारे ३६ मीटर, पायाची बाजू ६२ मीटर. मूळ पायऱ्या समोरून आहेत, त्यावर चढू देत नाहीत. बाजूने लाकडी जिना केलाय, तो चढा. गुडघे दुखत असतील तर खाली बसा, कोणी हसत नाही. वर पूर्वी मोठं शिवलिंग होतं, आता नुसता चौकोनी खड्डा आहे. पण चारी बाजूंना झाडच झाड दिसतं, आणि त्या झाडीखाली अख्खी राजधानी आहे हे वरूनच कळतं.

घाई करून तिथूनच परतू नका. गाइडला प्रासात प्राम सांगा. प्राम म्हणजे पाच. पाच मनोरे, चार विटांचे, एक जांभ्याचा, आणि त्यातल्या काहींना मुळांनी असा विळखा घातलाय की झाड काढलं तर देऊळ पडेल आणि ठेवलं तरी कधीतरी पडेलच. मग लिंगांची देवळं. एकात भलंमोठं लिंग आणि पाणी बाहेर जायला पन्हळ, आपल्या गाभाऱ्याला असते तशीच. माझ्या बायकोने चप्पल बाहेर काढली. गाइड म्हणाला, आता इथे पूजा होत नाही, काढायची गरज नाही. तिने काढलीच.

दशावतारी नाटकं बघितलेल्या माणसाने प्रासात चेनही चुकवू नये. इथे भीम आणि दुर्योधन गदायुद्धात समोरासमोर उभे होते, बाजूला बाकीचे पांडव आणि बलराम. १९७० च्या दशकात चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून विकल्या. पावलं तेवढी चौथऱ्यावर राहिली, आणि त्या पावलांवरूनच पुढे मूर्ती ओळखता आल्या. २०१४ मध्ये भीम आणि दुर्योधन अमेरिकेतून परत आले. आता ते नॉम पेन्हच्या, म्हणजे देशाच्या आजच्या राजधानीतल्या, राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. जागेवर बघायला फारसं काही उरलेलं नाही, तरी दहा मिनिटं उभे राहा.

साडेअकराला निघा. आजूबाजूला काजूच्या बागा दिसतील, त्यावर मेव्हण्याशी वाद घालण्यात प्रवास संपतो. जेवण वाटेतल्या साध्या खानावळीत. भात असतोच. नारळाच्या दुधात शिजवलेला मासा, त्याला आमोक म्हणतात, मालवणी जिभेला चालतो, फक्त तिखट विसरा. घरचं तिखट पुडीत घेऊन गेलात तर शहाणे. शाकाहारी असाल तर "ओत साच" म्हणा, मांस नको. पण मासळीचं पाणी ते भाजीतही घालतात, ते वेगळं सांगावं लागतं, आणि सांगितल्यावरही माझा भरवसा नाही. केळी, भाकरी-चटणी जवळ ठेवा.

बेंग मेलियाला दीडच्या सुमारास पोचलात की सकाळची गर्दी ओसरलेली असते. बाराव्या शतकातलं, अंगकोर वाटच्याच घडणीचं. अंगकोर उभं केलं, सावरलं, हे बहुतेक पडलं तसंच आहे. लाकडी पूल बांधलेत, त्यावरून ढिगाऱ्याच्या वरून-आतून चालायचं. माझ्यासारख्याला हे देऊळ उभं असतं तर एवढं कळलं नसतं. पडल्यामुळे आतलं काम दिसतं. ठोकळ्यांवर गोल भोकं आहेत, त्यात लाकडी खुंट्या मारून दगड उचलत. काही ठोकळ्यांत डमरूसारखी खाच आहे, तिथे लोखंडी कडी होती. चुना नाही, दगडावर दगड घासून बसवलेला, सांध्यात पातं जाणार नाही. खरी कमान त्यांना येत नव्हती. दोन्हीकडून दगड पुढे-पुढे सरकवत वर नेऊन मिटवलेत, म्हणून दालनं बोळाएवढी अरुंद.

आणि चूकही दिसते. कित्येक भिंतींत उभे सांधे एकावर एक आलेत, सांधेमोड नाही. माझ्याकडच्या नव्या पोराने असा गडगा रचला तर मी पाडून पुन्हा रचायला लावतो. हे मी गाइडला फोनवर चिऱ्याच्या भिंतीचा फोटो दाखवून समजावलं. तो पंधरा वर्षं लोकांना फक्त मुळं दाखवत होता. मग तोच मला पुढे घेऊन जाऊन "इथे बघा, इथेही," करायला लागला.

समुद्रमंथन आणि गरुडावरचा विष्णू कोरलेले दगड आत आहेत, विचारून बघा, नाहीतर त्यांच्यावरूनच चालून जाल. फणा काढलेले नागाचे कठडे मात्र वाटेतच भेटतात.

कपडे खांदे-गुडघे झाकणारे, बूट पकड असलेले, डास येऊ नयेत म्हणून मलम, आणि पाणी माणशी दोन लिटर. चारला निघालात तर साडेपाचला हॉटेलवर. गाइडला वरचे दहा डॉलर दिलेत तर तो "ओकुन" म्हणेल, म्हणजे आभारी आहे. ड्रायव्हरलाही पाच द्या, पहाटे तोच आधी उठलेला असतो.

पुढे मोटारीने नॉम पेन्हला जाणार असाल तर सहा नंबरच्या हायवेवर कंपोंग क्देईला गाडी थांबवायला सांगा. तिथे बाराव्या शतकातला पूल आहे, कमानी सगळ्या जांभ्याच्या, त्याही तशाच दगड सरकवत मिटवलेल्या, कठड्याला नाग. आम्ही पुलाखाली उतरलो होतो. मेव्हण्याने एका चिऱ्यावर नखाने ओरखडा काढून बघितला. नख तुटलं.