दुहेरी मुख्य विषय घ्यावेत का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पदवी आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी किमान 120 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) असते आणि दुहेरी मेजर, म्हणजे दोन मुख्य विषयांची पदवी, मिळवण्यासाठी दुसऱ्या मुख्य विषयात किमान 40 टक्के, म्हणजे 48 क्रेडिट पूर्ण करावे लागतात. म्हणून पहिले काम हेच, की अर्थशास्त्र आणि गणित अशी जोडी मनात असेल तर दोन्ही विभागांची सहाही सत्रांची अभ्यासक्रमपत्रिका शेजारी ठेवून तास आणि परीक्षा एकमेकांवर येतात का, हे स्वतः तपासावे. सिद्धांताच्या एका क्रेडिटसाठी साधारण 15 तासांचे अध्यापन धरलेले असते. घरचा अभ्यास, प्रात्यक्षिके आणि रोजचा लोकलचा प्रवास त्याव्यतिरिक्त असतो, आणि माझ्या मते बहुतेकांचा हिशेब नेमका इथेच चुकतो.

यानंतर स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे, की दुसऱ्या विषयात पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे का. उत्तर होकारार्थी असेल, तर अपेक्षित विद्यापीठाची प्रवेशाची अट आधी वाचावी, कारण काही ठिकाणी मायनर, म्हणजे कमी क्रेडिटचा दुय्यम विषयही, पुरेसा ठरू शकतो. निव्वळ आवड असेल, तर मायनरच निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

वेळापत्रक जुळतच नसेल, तर आयोगाने 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलेली असल्यामुळे, दुसरी पदवी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने करता येते.