लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

"ताई, आता हा ऐका," म्हणत दुकानदाराने इअरफोनची दुसरी जोडी हातात दिली आणि दोन मिनिटांत मी म्हटलं, हीच. आधीच्या जोडीपेक्षा हिच्यात सगळंच जास्त होतं. तबला जास्त, गळा जास्त, मागचा तंबोरासुद्धा जास्त. ४,२०० रुपये मोजले, ग्रँट रोडहून दादर, दादरहून मुलुंड. रात्री सगळे झोपल्यावर निवांत ऐकायला बसले तेव्हा लक्षात आलं की जास्त होता तो निव्वळ आवाज. ती जोडी तेवढ्याच व्हॉल्यूमला मोठ्याने वाजत होती, एवढंच. गाणाऱ्या बाईंचा गळा घागरीत तोंड घालून गायल्यासारखा येत होता आणि डग्गा सगळ्यावर सांडलेला. दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. मीच हात हलवत गेले होते. आता भाचीला मधल्या भावातले इअरफोन घ्यायचेत, ती तबला शिकते, आणि येत्या शनिवारी आम्ही दोघी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाणार आहोत. म्हणून काय काय आधी उरकायचं ते लिहून काढते आहे.

पहिलं काम घरीच: कुठे ऐकणार आणि कशाला जोडणार, हे ठरवून टाकायचं. मधला भाव म्हणजे माझ्या हिशोबात ३,००० ते १०,००० रुपये. त्यावर गेलं की वाढत्या पैशांना वाढता सूर फारसा मिळत नाही, असं माझं मत आहे. वाद घालायला कुणी आलं तर चहा पाजेन. कुठे ऐकणार हा प्रश्न मात्र वादाचा नाही. लोकलची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती नेमका बास, म्हणजे खालचे सूर, गिळते. डब्यात जो बास बेताचा वाटतो तोच रात्री घरी अंगावर येतो. भाची घरी रियाजाची रेकॉर्डिंग ऐकणार, म्हणून आमचा निकाल घरच्या शांततेत लागेल. ज्यांचं सगळं ऐकणं गाडीतच होतं त्यांनी बाहेरचा गोंगाट नीट अडवणारी जोडी आधी बघावी, मग बाकीचं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा दिली आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८६ डेसिबलला १० तास. मुलुंड ते सीएसएमटी जाऊन-येऊन रोज दोन तास धरले तर शुक्रवारी संध्याकाळी तो कोटा संपला. गोंगाट बाहेर राहिला की व्हॉल्यूम चढवावाच लागत नाही.

वायर की ब्लूटूथ, हेही घरीच ठरवा. दुकानात या दोघांची तुलना करायला बसलात तर संध्याकाळ जाईल. त्याच पैशात वायरवाल्यात सूर जास्त मिळतो, कारण ब्लूटूथवाल्यात तुमच्या रुपयातले काही आणे बॅटरीला, चिपला आणि चार्जिंगच्या डबीला जातात. शिवाय ती इवलीशी बॅटरी काही वर्षांत दमते, आणि वायरवाल्याची वायर सुटी निघत असेल तर फक्त वायर बदलली की भागतं. तरीही ब्लूटूथच हवं असेल तर खोक्यावर एलडॅक लिहिलंय म्हणून भुलू नका. तो एक कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवायची एक पद्धत. आयफोनला एलडॅक चालत नाही, तो एएसी हा दुसरा कोडेक वापरतो. अँड्रॉइडवर एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो खरा, पण गर्दीच्या फलाटावर तो स्वतःच ६६० किंवा ३३० वर उतरू शकतो. जोडीचा मूळ सूर बिघडलेला असेल तर कुठलाही कोडेक तो दुरुस्त करत नाही. नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट चिपच्या मदतीने पुसणारी सोय) असलेली जोडी ते चालू ठेवून आणि बंद ठेवून, दोन्ही प्रकारे ऐका. काहींचा सूर दोन्ही वेळी वेगळा असतो.

ज्या फोनवर रोज ऐकणार तोच फोन न्यायचा, आणि त्याला ३.५ मिमीचं भोक नसेल तर स्वतःचं यूएसबी-सी डाँगलही (वायरची पिन फोनच्या चार्जिंगच्या भोकाला जोडणारा छोटा तुकडा). ते डाँगल त्या फोनवर चालतं की नाही हे आदल्या दिवशीच तपासा, कारण सगळी डाँगलं सगळ्या फोनवर चालत नाहीत. फोनमधला इक्वलायझर, सराउंड, 'बास बूस्ट', गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय, सगळं बंद. गाणी डाउनलोड करून ठेवायची, अ‍ॅपमध्ये आहे त्या सगळ्यात वरच्या दर्जाची. दुकानात नेट रडतखडत चालतं आणि त्यावर वाजलेलं गाणं इअरफोनच्या माथी मारलं जातं.

आता गाणी, म्हणजे यादीचा जीव. दुकानदार स्वतःच्या फोनवर जे ऐकवतो त्यावर काही ठरवू नका. ते गाणं कुठल्याही जोडीवर बरं वाटावं म्हणूनच निवडलेलं असतं. आपण शंभरदा ऐकलेली पाच-सहा रेकॉर्डिंग पुरतात. माझ्या यादीत पहिली एक जुनी, मोनो मैफल, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी. मोनो रेकॉर्डिंगमध्ये गळा बरोबर कपाळाच्या मधोमध यायला हवा. डावीकडे किंवा उजवीकडे सरकला तर एकतर बडच्या, म्हणजे इअरफोनच्या कानात जाणाऱ्या भागाच्या, टोकाचं रबर नीट बसलेलं नाही, नाहीतर जोडीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. दुसरा एकल तबला. तबल्याच्या शाईचं काम काय, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडलं होतं: शाईच्या वजनामुळे पुडीतून निघणारे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत येतात, साध्या ताणलेल्या कातड्यासारखे विस्कटत नाहीत. म्हणून तबला सुरात लागतो. चांगल्या जोडीवर 'ना' आणि 'तिं' या बोलांत तो सूर ऐकू येतो. वाईट जोडीवर दोन्ही म्हणजे नुसती टकटक. डग्ग्याची मींड ऐकायची, मनगट दाबून सूर वर चढवतात ती. चढताना सूर सलग राहिला पाहिजे. मध्येच एखाद्या ठिकाणी तो फुगून पुन्हा बसला, तर त्या जोडीत बासचा एक उंचवटा आहे आणि तो प्रत्येक गाण्यात त्याच जागी ठो करणार.

तंबोऱ्याबद्दल मी बरेच दिवस चुकत होते. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला असतो, म्हणून मला वाटायचं की बास तपासायला हाच उत्तम. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीला तार निसटती लागून उठणाऱ्या झंकारामुळे, तंबोऱ्यात वरचे सूर इतके भरलेले असतात की तळाचा सूर कमी आला तरी कान तो मनाने भरून काढतो. रबर सैल बसलेलं असतानाही खर्ज 'ऐकू' येतो. बासच्या परीक्षेला डग्गा, आणि वरच्या पट्टीच्या परीक्षेला तंबोरा. जवारीची ती सोनेरी कुरकुर सुटी-सुटी आणि मऊ यावी. टोचली तर ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, जास्त, चादर टाकल्यासारखी वाटली तर कमी.

नंतर बोलणं. गाण्यात स-श टोचतात की नाही हे सगळेच बघतात, पण आपल्याकडे त्याहून चांगली परीक्षा आहे. आकाशवाणीच्या मराठी बातम्या किंवा कुठलंही बोलकं पुस्तक लावा आणि 'च' ऐका. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळे; दुसऱ्यात दात आहेत. चांगल्या जोडीवर हा फरक आरामात कळतो. बोद्या जोडीवर दोन्ही एकच होतात आणि चिरक्या जोडीवर प्रत्येक 'चमचा' कानात खुपसल्यासारखा लागतो. भाचीला मी "चार चमचे साखर" असं माझ्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून दिलंय. ती हसली, पण माझा आवाज तिला जन्मापासून माहीत आहे, तेव्हा त्यात काय बिघडलं ते तिला लगेच कळेल.

पण हे सगळं रबर नीट बसल्यावर. इअरफोनबद्दलच्या निम्म्या तक्रारी रबराच्या असतात, असं माझं मत झालंय. कान आणि रबर यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी बास निघून जातो आणि माणूस म्हणतो, जोडी पातळ आहे. बहुतेक खोक्यांत तीन मापं येतात. घरी असलेल्या कुठल्याही जुन्या जोडीवर आधी स्वतःचं माप शोधून ठेवा, आणि डाव्या-उजव्या कानाचं वेगळं शोधा. माझ्या डाव्याला मधलं लागतं, उजव्याला मोठं. घालताना विरुद्ध हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बड आत सरकवून जरा फिरवायचा, मग कान सोडायचा. ५० हर्ट्झचा टोन फोनमध्ये ठेवा. दोन्ही कानांत तो सारखा भरला तर बसलं. फोमची रबरं गोंगाट छान अडवतात पण ट्रेबल थोडं खातात, तेव्हा एक जोडी फोमवर आणि दुसरी सिलिकॉनवर ऐकून निकाल लावू नका. आपलीच रबरं घेऊन जाणं उत्तम. तुलना सरळ होते आणि शंभर जणांच्या कानातलं रबर आपल्या कानात जात नाही. तरीही पिशवीत स्पिरिटचे बोळे असू द्या.

आता माझ्या ४,२०० रुपयांची गोष्ट, म्हणजे आवाज सारखा करणं. एकच गाणं एका डेसिबलने मोठं वाजलं तर आपल्याला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. कमी आवाजात आपला कान खालचे सूर कमी ऐकतो हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. आवाज वाढवला की बास आपोआप भरतो आणि जोडी श्रीमंत भासते. खोक्यावर ओहम (विजेला होणारा अडथळा) आणि डेसिबल (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज) असे आकडे असतात; त्यांवरून कोण मोठं वाजेल हे कळतं, पण आकडे नीट वाचायला हवेत. एकीवर १६ ओहम आणि १०५ डेसिबल प्रति मिलिवॅट, दुसरीवर १२० डेसिबल प्रति व्होल्ट. दुसरी मोठी वाटते ना? १६ ओहमला मिलिवॅटवरून व्होल्टवर यायचं तर १८ मिळवावे लागतात. पहिली १२३ झाली, तीच मोठी. दुकानात उभं राहून हे गणित होत नाही, म्हणून ज्या तीन-चार जोड्या ऐकायच्यात त्यांचे आकडे घरीच वहीत उतरवा. प्रत्यक्ष ऐकताना माझा साधा उपाय: त्याच बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर दोन्ही जोड्यांचा आवाज कानाने सारखा करायचा, फोनची कितवी पायरी ते लिहायचं, आणि जी जोडी आवडू लागली आहे तिला मुद्दाम एक पायरी खाली ओढायचं. तरीही तीच जिंकली तर ती खरोखर जिंकली. ऐकून होईपर्यंत दुकानदाराला भाव सांगू द्यायचा नाही असं आमचं ठरलंय. किंमत कळली की कान लगेच बाजू घेतात.

जोडी कुठला सूर किती मोठा वाजवते याचे आलेख बघायचे असतील तर थोडक्यात एवढंच. उघड्या कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपणहून वाढवते. बुच बसलं की ती वाढ जाते, म्हणून इअरफोनला ती भरून द्यावी लागते आणि आलेखात तिथे टेकडी दिसते. टेकडी फार बुटकी असेल तर गळा घागरीत जातो, माझ्या त्या जोडीसारखा. फार उंच असेल तर गाणारा अंगावर ओरडतो. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांची पसंती तपासून काढलेली रेषा बऱ्याच आलेखांत शेजारी असते; ती सुरुवातीला उपयोगी, पण त्यांच्या श्रोत्यांनी पसंत केलेला बास मला जरा जड होतो. ८,००० हर्ट्झच्या पुढचे चढउतार फार मनावर घेऊ नका, बड कानात किती खोल बसला यावर ते हलतात. आणि खोक्यावरचं '२० ते २०,००० हर्ट्झ' वाचून पुढे जा. किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही.

दिवस निवडताना: रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. सर्दी झाली असेल तर जाऊच नका, चोंदलेल्या कानांनी सगळ्याच जोड्या बोद्या वाटतात. लोकलमधून उतरल्या-उतरल्या ऐकायला सुरुवात करू नका. आमच्या लेडीज डब्यात टाळ-भजनही असतं, कानाला तासभर मार बसलेला असतो. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून आधी कुठेतरी चहा घ्या. ज्या रस्त्याला अजूनही सगळे लॅमिंग्टन या गव्हर्नराच्या नावाने ओळखतात त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. नकाशात दोन्ही दिसतात, गोंधळू नका. खोकं फोडून ऐकवायला प्रत्येक दुकान तयार होत नाही, तेव्हा ऐकायला ठेवलेल्या जोड्या कुठल्या, हे आधी फोन करून विचारा. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त जोड्या नकोत. चौथीला कान हो ला हो करू लागतात.

वही हवीच, लहानशी. माझ्या मागच्या आठवड्यातल्या सरावाचं पान असं आहे: "अ. ९वी पायरी. ना सुरात, मींड सलग, च टोचतो. ब. ७वी पायरी. डग्गा मोठा, 'धा'नंतर राहतो, गळा मागे. पुन्हा अ, ८वर: तरी बरी." 'मस्त' आणि 'छान' हे शब्द वहीत लिहायचे नाहीत असा मी नियम केलाय, कारण घरी आल्यावर त्यातून काहीच कळत नाही.

निवड झाली की बिलावर मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, बदलून किती दिवसांत मिळेल ते विचारा आणि तेही बिलावरच लिहून घ्या. खोकं तिथल्या तिथे उघडा, दोन्ही बाजूंना मोनो मैफल एकदा वाजवून बघा, वायरीची पिन बडमध्ये घट्ट बसते का ते पाहा. आणि रबरांची पुडी मोजा. मागच्या वेळी माझ्या पुडीत मधल्या मापाचं एकच रबर निघालं होतं.