पळत-चालत राजगड ते तोरणा

रस्त्यावर हाफ मॅरेथॉन पळणारी मंडळी डोंगरात आली की पहिल्या चढालाही पळतच राहतात, आणि अर्ध्या तासात दगडावर बसून दुसऱ्याच्या बाटलीकडे बघतात. जुन्या ट्रेकरांचं उलट. समोर डोंगराची चांगली सपाट धार पसरलेली असली तरी ते आपले चालतच राहतात, कारण पाठीवर स्टोव्हपासून चादरीपर्यंत सगळा संसार. दोघांनाही मी एकच सांगते: चढ चाला, सपाटी पळा, उतार बघून ठरवा. ऐकायला सोपं आहे. नेमकं कुठे चाल बदलायची, तेवढं शिकायला वेळ लागतो.

मी पुण्यात धायरीला राहते, नोकरी हिशेबनिसाची, वय पन्नाशीला टेकलेलं. आमच्या टेकडीच्या ग्रुपमध्ये नवीन लोकांना लांबच्या वाटेवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. चालता चालता त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. उदाहरणाला गुंजवणे–राजगड–तोरणा–वेल्हे ही वाट घेते, कारण उभा चढ, लांब धार, घसारा (सुट्या मुरमाची निसरडी वाट), कातळ आणि रेलिंग हे सगळं एकाच दिवसात भेटतं. गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावती माची, तिथून संजीवनी माची, अळू दरवाजातून बाहेर पडून धार, खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून पुन्हा धार, मग बुधला माची, तोरणा आणि बिनी दरवाजाने खाली वेल्हे. अंतर साधारण १८ ते २० किलोमीटर. ज्याला सह्याद्रीतल्या पायवाटांची अजिबात सवय नाही त्याने ही वाट पहिल्यांदा धरू नये. आधी सिंहगड.

आधी वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा दिला, तो अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वरून एक तास. आपल्या वाटेवर १९ किलोमीटर धरले तर पावणेचार तास. राजगडचा चढ, तोरण्याचा चढ आणि धारेवरचे चढउतार मिळून तेराशे मीटर धरले तर आणखी सव्वादोन तास. झाले सहा. हा न थांबता चालणाऱ्याचा वेळ. "आपण तर पळणार, चार तासांत उरकू" असं नवीन माणूस लगेच म्हणतो. नाही उरकत. पळून जो वेळ वाचतो तो फक्त सपाटीवर वाचतो, आणि तो पाणी, फोटो, वाट शोधणं आणि बुटातले खडे काढणं यात जातो. पहिल्या खेपेला सात-आठ तास धरा. अंधार पडायच्या आधी दोन तास वेल्ह्यात पोचाल अशा बेताने पहाटे निघा.

चढ

चढावर पळणं कधी सोडायचं याची खूण श्वासात असते. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चाला. दम लागल्यावर चालायला लागणं म्हणजे उशीर झाला. चढ सुरू होताना, पाय ताजे असतानाच चाल बदलायची. यात कमीपणा काही नाही. आल्प्समधल्या यूटीएमबी शर्यतीत, जिथे १७० किलोमीटरच्या आसपास अंतर आणि दहा हजार मीटरच्या घरात चढ आहे, तिथले पुढचे गडीही उभे चढ काठ्या टेकत चालतात. त्याला कारण आहे. चढण १५ अंशांच्या आसपास गेली, म्हणजे शंभर मीटरला पंचवीस-सत्तावीस मीटर चढ लागला, की त्याच वेगाने पळण्यापेक्षा चालायला कमी शक्ती लागते. गुंजवण्याच्या वाटेचा वरचा निम्मा भाग याहून उभा आहे.

चालायचं म्हणजे रमतगमत नाही. पावलं आखूड, लय एकसारखी. कंबरेतून नव्हे, घोट्यातून पुढे झुकायचं. फार उभं आलं की तळवे गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवून प्रत्येक पावलाला ढकला. हात मोकळे ठेवून काय करणार आहात? टाच टेकायला जागा असेल तिथे टेकवा. सतत चवड्यावर चढलात तर पोटऱ्या धारेवर पोचायच्या आधीच बोलायला लागतात. आणि दर वळणावर थांबू नका. थांबावं वाटेल इतका वेग असेल तर वेग कमी करा.

चोर दरवाजाच्या अलीकडे कातळात खोदलेल्या पावठ्या आणि रेलिंग आहे. तिथे काठ्या घडी करून पिशवीला अडकवा, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि वरून उतरणाऱ्यांना आधी वाट द्या. रविवारी इथे रांग लागते. म्हणून तर पहाटे.

धार

पद्मावती माचीवर पाणी भरून घ्या. पुढे तोरण्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही, आणि जानेवारीनंतर तर कसलंच नाही. धनगरवाड्यात कोणी ताक किंवा सरबत देईलही, पण त्यावर बेत आखू नका.

संजीवनी माचीवर तटाच्या कडेने वाट जाते. इथे पळण्याचा मोह होतो. माणसं असतील तिथे चाला, एका बाजूला दरी आहे आणि समोरून येणारा फोटो काढत येत असतो. खरं पळणं अळू दरवाजातून उतरून धारेला लागल्यावर. तिथे नजर पायात नको, तीन-चार मीटर पुढे हवी. पाय कुठे टाकायचा ते डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं, पाय फक्त पोचतात. लांब ढांगा टाकू नका. वेग इतकाच ठेवा की दगड दिसल्यावर पाऊल बदलता येईल. जमीन दिसत नसेल तर पळायचं नाही, हा माझा एकमेव कडक नियम. दिवाळीच्या सुमाराला गवत गुडघ्यापर्यंत असतं आणि खालचे धोंडे दिसत नाहीत. घोटे मुरगळतात ते इथे, कड्यावर नाही.

त्याच दिवसांत कुसळं असतात. साध्या मोज्यात ती अशी घुसतात की वेल्ह्यात बसून तासभर वेचत बसाल. बुटाच्या तोंडावर चढणारे कापडी गेटर घ्या, नाहीतर जुन्या मोज्यांचे तळ कापून तेच वरून चढवा. आमच्यातले निम्मे लोक हेच करतात.

पळणं-चालणं तुकड्यातुकड्यांनी येतं. दोनशे मीटर पळा, एक बारकी चढण चाला, पुन्हा पळा. घड्याळ लावून "पाच मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं" हा रस्त्यावरचा हिशेब इथे मोडीत निघतो. जमीन सांगेल ते.

धनगराचं घर किंवा गुरं दिसली की लांबूनच चालायला लागा. पळणाऱ्या माणसामागे कुत्री लागतात, चालणाऱ्याकडे बघून नुसती भुंकतात. शिवाय दोन शब्द बोलता येतात आणि पुढची वाट विचारता येते. एकदा गुरांमागच्या एका मामांनी मला विचारलं, "ताई, पळताय कशापायी? गड काय कुठं पळून चाललाय व्हय?" मला उत्तर सुचलं नाही. पण पुढच्या फाट्यावर उजवीकडची ढोरवाट धरू नका, हे त्यांनी न विचारता सांगितलं. ढोरवाटा फसव्या असतात. मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात आणि कारवीत जाऊन संपतात. पळताना फाटा हुकतो, म्हणून फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि वाटेचा ट्रॅक आधीच उतरवून ठेवा आणि प्रत्येक खिंडीत एकदा बघा.

उतार

चढाला माणूस दमतो, उताराला पडतो. म्हणून इथे जरा सविस्तर.

अळू दरवाजाखालचा आणि धारेवरचा घसारा म्हणजे कडक जमिनीवर सुटा मुरूम, फरशीवर ज्वारी सांडावी तसा. नवीन माणूस घाबरून मागे झुकतो, टाच रोवतो आणि बरोबर तिथेच बसतो. वजन पावलांच्या वर हवं. गुडघे किंचित वाकलेले, हात अंगापासून लांब, पावलं आखूड आणि भरभर. एका पावलावर रेंगाळू नका. ते घसरायच्या आत दुसरं पडलेलं असलं पाहिजे. वाटेच्या मधल्या घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्यापेक्षा कडेच्या गवताच्या बुंध्यांवर पाय ठरतो. हे पळणं म्हणजे वेग नव्हे. बाहेरून बघणाऱ्याला ते भरभर चालल्यासारखंच दिसतं.

दोघांत पाच-सात मीटर अंतर ठेवा. पायाखालून धोंडा सुटला तर लाज न बाळगता "दगड!" म्हणून ओरडा.

चालायचंच, अशा तीन जागा: रेलिंग किंवा शिडी असेल तिथे, ओल्या शेवाळलेल्या कातळावर, आणि जिथे पडलं तर माणूस वाटेवर न थांबता खाली जाईल तिथे. बुधला माचीकडे जातानाचा कातळटप्पा आणि तोरण्यावरून बिनी दरवाजाखालची रेलिंगची वाट यात येतात. गरज पडली तर खाली बसून, कातळाकडे तोंड करून उतरा. पँट फाटली तर फाटली.

तोरण्याची उंची १,४०३ मीटर. तिथून वेल्ह्यापर्यंतचा उतार दिवसाच्या शेवटी येतो, तेव्हा मांड्या संपलेल्या असतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यामुळे चढापेक्षा उतारच त्यांना जास्त झिजवतो. दमलेला पाय पुरेसा उचलला जात नाही आणि अंगठा दगडाला लागतो. रेलिंग संपून खालची सोंड रुंद झाली, गाव दिसायला लागलं, की सगळे सुसाट सुटतात. मी तिथे मुद्दाम पुढे राहते आणि कोणाला ओलांडू देत नाही.

पोटात आणि पाठीवर

दर तासाला अर्धा लिटर पाणी, उन्हात जास्त. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान समजून आणखी पाणी पितो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. खाणं भूक लागायच्या आधी, दर पाऊण तासाला थोडं थोडं: खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. परदेशी एनर्जी जेलची पाकिटं मला गोडमिट्ट लागतात, आणि रिकामी पाकिटं गडावर पडलेली बघून डोकं फिरतं. पिठलं-भाकरी वेल्ह्यात. पोटभर जेवून पळता येत नाही.

पिशवी आठ ते बारा लिटरची, छातीवर आवळता येणारी. पाठीवर उसळी मारणारी सॅक पळू देत नाही. आत दोन लिटर पाणी, हेडलॅम्प, शिट्टी, पातळ जाकीट, क्रेप बँडेज, थोडे रोख पैसे. बूट खाली खोल खाचा असलेले आणि अर्धा नंबर मोठे. उतारावर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात, तेव्हा उताराआधी नाडी सोडून शेवटच्या भोकापर्यंत ओवून घोट्याशी घट्ट बांधा.

आग्या मोहोळ गडाच्या कड्यांना असतं. अत्तर, डिओ लावून येऊ नका, आरडाओरडा नको, धूर तर नकोच. साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. तो अवयव न हलवता माणसाला उचलून दवाखान्यात न्या. अँब्युलन्सला १०८, बाकी संकटाला ११२. रेंज धारेवर येते-जाते, म्हणून घरी कोणालातरी वाट आणि परतीची वेळ लिहून द्या.

नोव्हेंबर ते जानेवारी हा या वाटेचा काळ. फेब्रुवारीनंतर धारेवर सावली नाही. जून ते सप्टेंबर धुकं, वारा आणि निसरडा कातळ. तेव्हा चालत जा किंवा जाऊच नका, पळायला टेकड्या आहेत.

तयारी आणि नंतर

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढ चालत आणि उतार हलक्या पायाने, मग वेताळ टेकडी, मग आतकरवाडीतून सिंहगड. आतकरवाडीची वाट जेमतेम तीन किलोमीटर, पण पाचशे मीटरहून जास्त चढ. सलग दोनदा चढून उतरलात आणि दुसऱ्या उतारालाही पाय ठरत असतील तर राजगड–तोरण्याला या. कात्रज–सिंहगडही चांगला सराव आहे, लोक रात्री करतात. पळायचं असेल तर दिवसाच करा.

गाडीचं आधी ठरवा, कारण सुरुवात आणि शेवट वेगळ्या गावात आहे. एक गाडी वेल्ह्यात ठेवून दुसरीने गुंजवण्याला जा, किंवा वेल्ह्यातून स्वारगेटला येणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

वाटेत दुखतं म्हणून पेनकिलर खाऊ नका; अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर उलटतात. रविवारी गेलात तर मांड्या सोमवारपेक्षा मंगळवारी जास्त बोलतील, जिना उलटा उतरावासा वाटेल. पुढच्या रविवारी सिंहगड चढायला हरकत नाही. उतरताना जीपने या.