कोल्टचा निळा घुमट दाखवायचा तर…

अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्डला पाहुणे आले की आय-९१ महामार्गावरून तो निळा, सोनेरी चांदण्यांचा घुमट दिसतो आणि "हे देऊळ आहे का गं?" असं कोणीतरी विचारतंच. देऊळ कसलं, कोल्टचा रिव्हॉल्व्हरचा कारखाना तो. पूर्वी मी सगळ्यांना थेट घुमटाखाली नेऊन उभं करायचे. फोटो काढून झाले की पाच मिनिटांत चुळबुळ सुरू. मामा आले तेव्हापासून क्रम बदलला.

आधी आवारातल्या तपकिरी दगडाच्या दोन जुन्या इमारती शोधा, फोर्ज (लोहारकामाची) आणि फाउंड्री (धातू ओतण्याची). 1855 सालच्या कारखान्यातलं आज जे शिल्लक आहे ते एवढंच. फेब्रुवारी 1864 मध्ये, अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध ऐन रंगात असताना, मुख्य इमारत घुमटासकट जळून कोसळली. मशीनं गेली, नकाशे गेले, दप्तर गेलं. दक्षिणेच्या हेरांनी आग लावली अशी कुजबुज झाली, सिद्ध काहीच झालं नाही.

इथे घाई करू नका. मामांची अख्खी नोकरी भोसरीत लेथवर गेली. जळालेल्या इमारतीच्या जमिनीला पाइनच्या फळ्या होत्या आणि त्यांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलं होतं, एवढं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग हेर कशाला हवा? एक ठिणगी पुरे." त्यांच्या शॉपमध्ये फरशी असूनही सांडलेल्या तेलावर भुसा टाकायचा, तो सुटीच्या भोंग्याआधी झाडून घ्यायचा आणि तेलकट चिंध्यांसकट झाकणाच्या डब्यात भरून बाहेर न्यायचा, असा दंडक होता. "लाकडात मुरलेलं तेल झाडून निघत नाही. फळीच बदलावी लागते." असा एखादा माणूस तुमच्या पाहुण्यांत असेल तर त्यालाच बोलू द्या.

आता घुमटाकडे वळा. कारखान्याचा मालक सॅम्युअल कोल्ट 1862 मध्येच वारला होता. कारखान्याचा विमा होता, आणि त्याची बायको एलिझाबेथ हिने 1867 पर्यंत सगळं पुन्हा उभं केलं, या वेळी आग सहजासहजी पसरू नये अशा बेताने. घुमटही पुन्हा चढवला. (मी विमा कंपनीत काम करते, तेव्हा हा भाग जरा रंगवूनच सांगते.) इमारतीत आता लोक राहतात, ऑफिसं आहेत, त्यामुळे दिसेल त्या दारातून आत घुसू नका. 2014 मध्ये अमेरिकी संसदेने इथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान मंजूर केलं. काय उघडं आहे ते निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर बघा.

शेवटी चालत एलिझाबेथने बांधलेल्या गुड शेफर्ड चर्चला जा, आणि बंद असलं तरी जाच. कारागिरांचा म्हणून जो दरवाजा आहे, त्याच्या दगडात क्रॉसच्या सोबतीला पिस्तुलं, सिलिंडर, गोळ्या ओतायचे साचे कोरलेत. मामांनी चष्मा पुसून एकेक भाग ओळखला आणि मग मला फोनवर झूम करायला लावून घरी भोसरीच्या ग्रुपवर सगळे फोटो पाठवले.