मल्टी-एरिया ओएसपीएफची लॅब: पिंगच्या पुढे जाऊन डेटाबेस बघा

ओएसपीएफ म्हणजे राउटर ज्यातून एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल; मल्टी-एरिया म्हणजे त्याच्यासाठी नेटवर्कचे तुकडे, म्हणजे एरिया, पाडलेले. याची लॅब बहुतेक जण पिंग लागला की बंद करतात. पण पिंग तर सगळे राउटर एकाच एरियात टाकले तरी लागतो. एरिया पाडून नेमकं काय साधलं, ते ओएसपीएफचा डेटाबेस, म्हणजे राउटरने साठवलेला नेटवर्कचा नकाशा, उघडल्यावरच कळतं.

संगणकावर नेटवर्क उभं करायला पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस3, काहीही चालेल. चार राउटर एका ओळीत जोडा:

आर1–आर2: 10.0.12.0/30, एरिया 1
आर2–आर3: 10.0.23.0/30, एरिया 0
आर3–आर4: 10.0.34.0/30, एरिया 2

आर1 वर चार लूपबॅक (राउटरच्या आतले काल्पनिक इंटरफेस) घ्या: 172.16.0.1 पासून 172.16.3.1 पर्यंत, प्रत्येक /24. आयपी देऊन झाले की शेजारच्या राउटरला पिंग करून बघा. केबलच चुकीच्या पोर्टात असेल, तर ओएसपीएफला दोष देण्यात अर्थ नाही.

आता आर2. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

राउटर ओएसपीएफ 1
राउटर-आयडी 2.2.2.2
नेटवर्क 10.0.12.0 0.0.0.3 एरिया 1
नेटवर्क 10.0.23.0 0.0.0.3 एरिया 0

एरिया राउटरचा नसतो, इंटरफेसचा असतो. आर2 चा एक पाय एरिया 1 मध्ये, दुसरा एरिया 0 मध्ये; म्हणून तो एबीआर, म्हणजे एरियांच्या सीमेवरचा राउटर. आर3 ची गोष्ट तीच, फक्त एरिया 0 आणि 2. आर4 ला एकच नेटवर्क ओळ पुरते. आर1 वर लिंकच्या जोडीला लूपबॅकसाठी नेटवर्क 172.16.0.0 0.0.3.255 एरिया 1 द्या. राउटर-आयडी (आर3 ला 3.3.3.3, आर4 ला 4.4.4.4 असा) सुरुवातीलाच द्या. नंतर बदललात तर क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस केल्याशिवाय तो लागू होत नाही.

इथे शो आयपी ओएसपीएफ नेबर मारा. इथरनेट लिंकवर डीआर (त्या लिंकचा प्रमुख राउटर) निवडायला 40 सेकंदांपर्यंत लागू शकतात, तेवढा धीर धरा. फुल, म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण जोडणी, दिसलं की झालं. यादी रिकामीच राहिली, तर आधी दोन्ही टोकांचा एरिया क्रमांक आणि वाइल्डकार्ड मास्क (नेटवर्क ओळीतला 0.0.0.3 सारखा आकडा) ताडून बघा. नवशिक्यांची गाडी बहुधा तिथेच अडते.

आता आर4 वर शो आयपी रूट ओएसपीएफ. सहा रूट येतील, सगळ्यांपुढे ओ आयए, म्हणजे दुसऱ्या एरियातून आलेले. लूपबॅक /24 चे असूनही /32 दिसतील. घाबरू नका, ओएसपीएफ लूपबॅक तसाच जाहीर करतो.

खरी गंमत शो आयपी ओएसपीएफ डेटाबेसमध्ये आहे. आर4 च्या राउटर लिंक स्टेट्समध्ये दोनच नावं: 3.3.3.3 आणि 4.4.4.4. आर1 चा पत्ताच नाही! त्याच्या लूपबॅकची खबर समरी नेट लिंक स्टेट्समध्ये सापडेल, पण तीही 3.3.3.3 च्या नावाने. आर4 ला पलीकडचा नकाशा ठाऊक नाही, तो आर3 च्या शब्दावर चालतो. अशा ऐकीव माहितीतून लूप होऊ नये म्हणूनच एरियांमधली देवाणघेवाण एरिया 0 मधून होते.

पुढची पायरी चारही लूपबॅक एकाच रूटमध्ये गुंडाळण्याची; आर2 वर, राउटर ओएसपीएफ 1 च्या आत:

एरिया 1 रेंज 172.16.0.0 255.255.252.0

आर4 वरचे सहा रूट तीनवर येतील. मग आर1 वर एक लूपबॅक शटडाउन करा आणि आर4 वर डेटाबेस पुन्हा बघा. 172.16.0.0 च्या ओळीत एज (नोंदीचं वय) वाढत राहतं, सीक्वेन्स क्रमांक (नोंद नव्याने आली की वाढणारा) मात्र होता तोच. एरिया 1 मधल्या पडझडीची झळ एरिया 2 ला लागलीच नाही. रेंज देण्याआधी हाच प्रयोग केला असता, तर आर4 च्या टेबलातून एक रूट गेला असता.

हात बसला की एरिया 2 स्टब, म्हणजे बाहेरचे तपशील न घेता डिफॉल्ट रूटवर चालणारा, करून बघा: आर3 वर एरिया 2 स्टब नो-समरी, आर4 वर नुसतं एरिया 2 स्टब. आर4 वर ओएसपीएफचा एकच डिफॉल्ट रूट उरेल. मात्र दोन्हीकडे करा. एकाच बाजूला केलंत, तर हॅलो पॅकेटमधला फ्लॅग जुळत नाही आणि नेबर सुटतो.