संशोधन सांभाळून संख्याशास्त्र शिकवताना

पीएच.डी.ची नोंदणी होते, विषय मंजूर होतो आणि त्याच सुमारास जवळच्या महाविद्यालयातून विचारणा येते की, संख्याशास्त्राचे आठवड्याला काही तास घ्याल का. कोकणात राहून संशोधन करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, कारण वाणिज्य, विज्ञान, कृषी, मत्स्यशास्त्र अशा सगळ्याच शाखांना हा विषय लागतो आणि तो आवडीने शिकवणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. मी गेली पाच वर्षे रत्नागिरीत राहून संशोधन करते आहे आणि त्यातली चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतेही आहे. माझे मत असे की, हे काम जरूर घ्यावे. परंतु एकच विषय घ्यावा, तोच दोन-तीन वर्षे टिकवावा आणि विद्यार्थ्यांच्या शंकांना आपल्या प्रबंधाइतकेच गांभीर्याने घ्यावे.

होकार देण्यापूर्वी नियम नीट पाहावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार संशोधनाचा कालावधी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा आहे, आणि ट्युटोरिअल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे काम संशोधकाकडे द्यायचे झाल्यास ते आठवड्याला चार ते सहा तासांचे असावे असे तीत म्हटले आहे. ही तरतूद आपल्याच विद्यापीठातल्या कामासाठी असली, तरी बाहेरच्या महाविद्यालयात शिकवतानाही मी हाच आकडा मर्यादा म्हणून धरते. ज्यांना कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळते (आयोगाची ही फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे), त्यांनी दुसरे मानधन घेण्याविषयीची अट वाचल्याखेरीज एकही तास घेऊ नये. मार्गदर्शकांची संमती तोंडी न घेता पत्राने किंवा ईमेलने घ्यावी. नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) झालेली नसेल तर नेमणुकीत अडचण येते. या परीक्षांत संख्याशास्त्र हा वेगळा विषय नाही, तो गणितीय विज्ञानात समाविष्ट आहे, हे वाणिज्य किंवा अर्थशास्त्राकडून या विषयात आलेल्यांना अनेकदा उशिरा कळते.

नेमणुकीच्या पत्रात तासांची संख्या, तासाचा दर, प्रश्नपत्रिका काढणे व उत्तरपत्रिका तपासणे त्यात धरले आहे की नाही आणि मानधन केव्हा मिळणार, हे सारे लिहून घ्यावे. एका महाविद्यालयात माझे पहिल्या सत्राचे मानधन दुसरे सत्र संपत आले तेव्हा हाती आले, आणि तेही माझ्याजवळ तासांची स्वतंत्र नोंद होती म्हणून पूर्ण आले. तेव्हापासून मी एक साधी शंभर पानी वही ठेवते. तारीख, वर्ग, घेतलेला घटक आणि आठवड्याच्या शेवटी विभागप्रमुखांची सही एवढेच तिच्यात असते. मानधनाच्या भरवशावर घरभाड्याचे गणित मांडू नये, ही गोष्ट मला फार मनापासून सांगावीशी वाटते.

वेळापत्रकाकडे आता वळू. पहिल्या वर्षी एका तासामागे मला तीन तास तयारीला लागत. तोच विषय पुढच्या वर्षी घेतला तेव्हा हे प्रमाण एकास एक झाले. म्हणजे आठवड्याच्या पाच तासांसाठी पहिल्या वर्षी वीस तास जात होते आणि दुसऱ्या वर्षी दहा. दरवर्षी नवा विषय स्वीकारणारा संशोधक कायम पहिल्याच वर्षात राहतो, म्हणून "यंदा जरा हाही पेपर बघाल का" या विनंतीला आदराने पण ठाम नकार द्यावा. सर्व तास शक्यतो लागोपाठच्या दोन दिवसांत मागून घ्यावेत. माझे मंगळवारी आणि बुधवारी असतात, आणि उरलेल्या दिवशी मी महाविद्यालयाच्या आवारातही जात नाही, कारण तिथे पाय ठेवला की कोणाची ना कोणाची शंका निघतेच. सोमवारी सकाळचा तास मात्र घेऊ नये. मार्गदर्शक मुंबईत असतील तर शनिवार-रविवार तिकडे जाऊन रात्रीच्या गाडीने परतावे लागते, आणि पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात. त्यातून घाटात किंवा कटिंगमध्ये दरड आली तर वर्ग आपली वाट पाहत बसतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यापासून वर्ग रिकामा होऊ लागतो, तेव्हा नवा घटक त्या काळात सुरू न करता चालू घटक त्याआधी संपवण्याचा हिशोब जूनमध्येच करावा.

प्रत्यक्ष शिकवण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिते. संपूर्ण अभ्यासक्रमात विद्यार्थी जिथे खऱ्या अर्थाने हरवतो अशी जागा एकच आहे, आणि ती म्हणजे नमुन्याच्या सरासरीचे वितरण. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) इथपर्यंत तो बरोबर येतो. नंतर "सरासरीचेही एक प्रमाण विचलन असते" असे आपण म्हणतो, सूत्र फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. तिथून पुढचे टी-परीक्षण, विश्वास अंतराल आणि पी-मूल्य (पी-व्हॅल्यू) हे सगळे तो पाठांतरावर निभावतो. या एका कल्पनेला मी तीन तास देते आणि त्याची भरपाई आलेखांच्या प्रकारांसारख्या घटकांतून करते, जे विद्यार्थी स्वतः वाचू शकतात.

त्यासाठी एप्रिलमध्ये हापूसची एक पाच डझनांची पेटी आणून प्रत्येक आंबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा आणि साठही वजने साठ चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावीत. आंबे खाऊन संपतात, चिठ्ठ्या जुलैपर्यंत राहतात. वर्गात चिठ्ठ्यांचा डबा फिरवावा. प्रत्येकाने एक चिठ्ठी काढायची, वजन वहीत लिहायचे, चिठ्ठी परत टाकायची, डबा हलवायचा. असे पाच वेळा करून पाच वजनांची सरासरी काढायची आणि फळ्यावर आखलेल्या रेषेवर आपल्या सरासरीच्या जागी खडूने एक ठिपका द्यायचा. चाळीस ठिपके झाले की वर्ग आपोआप शांत होतो, कारण एकाच पेटीतून निघालेल्या चाळीस सरासऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि तरीही त्या मधोमध गर्दी करून बसल्या आहेत, हे प्रत्येकाला दिसते. पेटीतल्या वजनांचे प्रमाण विचलन ३० ग्रॅम असेल, तर पाच-पाचच्या सरासऱ्यांचे प्रमाण विचलन सिद्धान्ताप्रमाणे सुमारे १३.४ ग्रॅम यायला हवे. फळ्यावरच्या ठिपक्यांवरून काढलेला आकडा त्याच्या आसपासच येतो. मग वीस-वीस चिठ्ठ्यांचा फेरा घ्यावा. आता तो सुमारे ६.७ ग्रॅमवर येतो, म्हणजे नमुना चौपट केल्यावर फैलाव निम्मा झाला. वर्गमूळ सूत्रात कुठून आले, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर त्याचे उत्तर ऐकायला वर्ग तयार असतो.

दुसरी अडचण भागाकाराची. प्रमाण विचलन काढताना सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज नमुन्याच्या संख्येने न भागता, तीतून एक वजा करून का भागायची? कॅसिओच्या एफएक्स-८२ एमएस या कॅल्क्युलेटरवर प्रमाण विचलनाचे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत, आणि विद्यार्थी त्यातला कोणताही दाबतात. तीन आंबे घ्यावेत: २४०, २६० आणि २८० ग्रॅम. सरासरी २६०, विचलने उणे २०, शून्य आणि अधिक २०. पहिली दोन सांगितली की तिसरे लपवूनही वर्ग ते बरोबर ओळखतो, कारण विचलनांची बेरीज शून्यच यावी लागते. म्हणजे स्वतंत्र माहिती तीन आकड्यांची नसून दोनांचीच आहे. वर्गांची बेरीज ८००, दोनाने भागली तर विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ४०० आणि प्रमाण विचलन २० ग्रॅम; तीनाने भागली तर ते सुमारे १६.३ येते. नमुना लहान असताना हा फरक किती बोचतो, हे इथे सांगावे. १९०८ मध्ये टी-वितरणाचा शोधनिबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांच्यापुढेही लहान नमुन्यांचाच प्रश्न होता. नोकरी करता करता संशोधन करणाऱ्या माणसाची ही गोष्ट मुले लक्ष देऊन ऐकतात, आणि सांगताना मलाही बळ येते.

भाषेविषयी माझा आग्रह आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते म्हणून संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, परंतु अर्थ विद्यार्थ्याने त्याच्या घरच्या बोलीत सांगितल्याशिवाय तो कळला असे धरू नये. "पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे शून्य गृहीतक खरे असण्याची शक्यता तीन टक्के" हे वाक्य हुशार विद्यार्थीही बिनधास्त लिहितात (शून्य गृहीतक म्हणजे मुळात काही फरक नाही असे धरून चालणे). ते चूक आहे. शून्य गृहीतक खरे आहे असे मानले, तर हाती आला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता तीन टक्के, एवढाच त्याचा अर्थ आहे. पहिल्या वाक्यातली चूक विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत मी पुढचे गणित देत नाही.

उदाहरणे इथलीच घ्यावीत, मात्र डोळसपणे घ्यावीत. सुरमईच्या मासिक भावांची यादी करायला सांगितली तेव्हा एकाने जून आणि जुलैच्या रकान्यात शून्य लिहिले, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असल्याने त्याला त्या महिन्यांचा भाव मिळाला नव्हता. त्या दोन शून्यांनी वर्षाची सरासरी पार खाली ओढली. भाव शून्य असणे आणि भावाची नोंद नसणे यांतला फरक त्या दिवशी वर्गाला जितका पक्का कळला, तितका कोणत्याही व्याख्येने कळला नसता. संगणकावर काम करायचे असल्यास 'आर' ही प्रणाली वापरावी. ती विनामूल्य आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते.

उत्तरपत्रिका तपासताना एक विद्यार्थी पूर्ण करून दुसरा न घेता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे तपासावे. हाताखालचे मोजमाप त्यामुळे बदलत नाही. बेरीज चुकली पण रीत बरोबर असेल तर गुण एकदाच कापावेत.

आपण संख्याशास्त्र शिकवतो हे गावात कळले की दुसऱ्यांचे प्रबंध आपल्या दारी येऊ लागतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे आणि इथल्या अनेक पदव्युत्तर विभागांमुळे प्रयोगांची आकडेवारी घेऊन फिरणारे विद्यार्थी जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि "ताई, तेवढं अ‍ॅनालिसिस करून द्या ना" ही विनंती नाकारणे जड जाते. तरीही करून देऊ नये. शेजारी बसवून एक तक्ता त्यांच्याच हातून करवून घ्यावा, आणि तोही त्यांच्या मार्गदर्शकांना माहीत असेल तरच. ज्याचा प्रबंध त्याने विश्लेषण समजून सही करावी, यात मला कोणतीही सवलत मान्य नाही.

हे सगळे करून आपल्या संशोधनाला काय मिळते, ते एका उदाहरणाने सांगते. चिठ्ठ्यांच्या तासानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, एकाच कलमाचे, म्हणजे एकाच झाडाचे, दहा आंबे घेतले तर ते दहा नमुने धरायचे की एक?" मी तिला पुढच्या आठवड्यात उत्तर देते असे सांगितले आणि घरी येऊन माझ्याच प्रबंधाचा तिसरा भाग उघडला. पाच कलमांवरचे दहा-दहा आंबे मी पन्नास स्वतंत्र नोंदी म्हणून धरले होते. एका कलमाच्या फळांमधला अंतर्गत सहसंबंध (ती एकमेकांसारखी असण्याचे प्रमाण) केवळ ०.२ मानला, तरी सरासरीचे विचरण एक अधिक नऊ (दहा वजा एक) गुणिले ०.२, म्हणजे २.८ पट होते, आणि त्या पन्नास नोंदींचे वजन जेमतेम अठरा स्वतंत्र नोंदींइतके उरते. तो भाग मी पुन्हा लिहिला. त्यात दोन महिने गेले. तेव्हापासून तासांच्या वहीची मागची दहा पाने मी उत्तर न आलेल्या शंकांसाठी ठेवते आणि दर शनिवारी सकाळी, स्वतःचे लेखन सुरू करण्यापूर्वी, त्यातली एक सोडवते.

प्रबंध सादर करण्याच्या वर्षी तास घेऊ नयेत. तसे विभागप्रमुखांना एक सत्र आधी लेखी कळवावे, म्हणजे जूनमध्ये वर्ग शिक्षकाविना राहत नाही. पुढे येणाऱ्या शिक्षकाला उदाहरणसंग्रह, गुणदानाचे तक्ते, शंकांच्या पानांची प्रत आणि चिठ्ठ्यांचा डबा द्यावा. डब्यावर पेटी कोणत्या वर्षीची आणि आंबे कोणत्या काट्यावर तोलले, हे लिहून ठेवायला विसरू नये.